भाऊ, ते कंसातलं वाक्य परत वाच

या वेळचं पत्र दारव्हा तालुक्यातून आलंय. लिहिणारा 31 वर्षांचा आहे, बी.एस्सी. ॲग्री झालेला, गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा अध्यक्ष. 340 सभासद, दहा संचालक. पत्र लांब आहे, कामाचं तेवढं देते.

“काकू नमस्कार. तीन वर्षं झाली कंपनी चालवतो. सुरुवातीला लोकं भाऊ भाऊ करत मागं फिरायचे, आता मीटिंगला बोलावलं तर संचालकच येत नाही. वार्षिक सभेला 41 जण आले (बाकीच्यांच्या सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या). सभेत कोणी तोंड उघडत नाही, बाहेर पानठेल्यावर मात्र सगळे बोलतात. या ऑक्टोबरात सोयाबीनची एक गाडी तेलाच्या प्लांटवरून वापस आली, ओलावा 14 च्या वर निघाला, भाडं-हमाली अंगावर बसली. काट्यावर आमच्याकडे एक काका आहेत, ते म्हणाले होते एक ऊन लागू द्या, पण भाव रोज उतरत होता म्हणून मी गाडी भरायला लावली. पण ओलाव्याचं मीटर पाहायचं काम तर त्यांचंच होतं न? रात्री ग्रुपवर मी जरा स्पष्ट लिहिलं की ज्यांना मीटर समजत नाही त्यांनी काट्यावर बसू नये. तेव्हापासून काका येतच नाहीत, त्यांच्यासोबत दोन पोट्टेही गेले. मी लीडरशिपचे खूप व्हिडिओ पाहतो. मला वाटतं माझं कम्युनिकेशन कमी पडते. यवतमाळला भाषणाचा एक क्लास आहे, फी सहा हजार. लावू का? मी चुकतो कुठं?”

भाऊ, क्लास लावू नको. सहा हजारात चांगल्या ताडपत्र्या येतील, त्या घे, सोयाबीन वाळवायच्या कामी पडतील.

आता खरं सांगते, तुला बोलता येते. पत्र वाचूनच कळते, एकही वाक्य अडखळलेलं नाही. ग्रुपवर रात्री दहा वाजता जे एक वाक्य टाकलं त्यानं तीन माणसं घरी बसवली, म्हणजे भाषेत ताकद भरपूर आहे बाप्पा. तुझं बोलणं कमी नाही पडत, भलत्या जागी पडते. जे ओट्यावर बसून हळू आवाजात बोलायचं ते तू ग्रुपवर टाकतो, अन् जे चार लोकांत मोठ्यानं वाचून दाखवायचं ते लॅपटॉपात ठेवतो. आणि एक गोष्ट तर तू कंसात ठेवली, मी आधी तिथंच जाते.

“(बाकीच्यांच्या सह्या नंतर घरोघरी फिरून घेतल्या)”. हे वाक्य तू कंसात काहून टाकलं? कारण तुलाही ते सरळ ओळीत लिहायला जड गेलं असेल, असं मी समजते, अन् ते चांगलं लक्षण आहे. उत्पादक कंपनीच्या कायद्यात वार्षिक सभेचा कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश आहे, तुमच्या नियमावलीत जास्त लिहिलं असेल तर जास्त. 340 चे झाले 85. आले 41. म्हणजे कमीत कमी 44 घरी तू रजिस्टर घेऊन गेला. काय म्हणाला असशील मला माहीत आहे, “काका इथं एक सही करून द्या न, फॉर्मॅलिटी आहे”. त्यांनी चष्मा शोधला, सही केली, तुला चहा पाजला, कोणी भांडलं नाही. तुला वाटलं काम झालं. पण त्या दिवशी 44 घरांत एक गोष्ट कळली, की या कंपनीत न झालेल्या गोष्टीवरही सही होते. त्यानंतर तू म्हण ओलावा 11 निघाला, म्हण प्लांटनं एवढीच कटती केली, म्हण हिशेब बरोबर आहे, ऐकणारा मान हलवते अन् मनात म्हणते, असंल बाप्पा. सभेत कोणी बोलत नाही म्हणतो न तू? ज्या सभेला न जाताही हजेरी लागते तिथं जाऊन बोलायचं कायले?

याचं पुढं काय करायचं ते तुमच्या सीएला विचार, पण जे झालं ते सगळं सांगून विचार, अर्धं लपवून नाही. मी काही वकील नाही. अन् पुढच्या सभेला 85 नाही आले तर नाही आले. 41 चे 41 लिही.

आता काकांचं.

सोयाबीनचं गणित तू माझ्यापेक्षा जास्त जाणतो तरी लिहिते, कारण हे वाचणारे सगळेच कास्तकार नाहीत. प्लांटवाल्याचा हिशेब दहा-दोन-दोनचा असतो, ओलावा दहा टक्के, माती-काडी दोन, डागी दाणा दोन. सरकारी खरेदीत ओलावा 12 पर्यंत चालते. परतीचा पाऊस सवंगणीच्या वेळेस आला की ढीग वरून कोरडा दिसते अन् आतून गरम-ओला राहते, अन् ढिगाच्या कोणत्या कोपऱ्यातून मूठ घेतली त्यावर मीटरचा आकडा दोन-दोन टक्क्यांनी हलते. तुझ्या काकांसारखे जुने काटेवाले काय करतात, चार ठिकाणचे दाणे घेऊन दाढेखाली धरतात. वाळलेला दाणा कट्‌कन फुटते, ओला चेपते. हे मशीनपेक्षा भारी आहे असं माझं म्हणणं नाही, दातावर टक्केवारी लिहिलेली नसते. पण त्यांनी तुला गाडी भरायच्या आधी सांगितलं, एक ऊन लागू द्या. म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर निघाला. निर्णय तुझा, भाडं कंपनीचं, अन् बोल बसले काकांले. आणि वरून तू मलाच विचारतो, “मीटर पाहायचं काम तर त्यांचंच होतं न?” या प्रश्नात तुझ्या मनाले उत्तर आधीच माहीत आहे रे.

भावाच्या घाईत गाडी भरली हा काही गुन्हा नाही. भाव उतरत होता, सभासद मागं लागले असतील, मीही कदाचित भरली असती. अध्यक्षाचे निर्णय चुकतात, त्याच्यासाठी कोणी कोणाले सोडून जात नाही. चूक झाल्यावर ती कोणाच्या नावावर टाकली, तेवढं लोकं पाहतात.

मी हे शहाणपण कुठून आणलं ते सांगते, माझीच फजिती आहे. मी बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष होते तेव्हाची गोष्ट. आमच्या कोषाध्यक्ष एक बाई होत्या, चौथी शिकलेल्या, पण हिशेब असा की रुपयाचा रुपयाले मेळ. एका मीटिंगमध्ये 1,150 रुपये कमी भरले. मारोतीच्या देवळातल्या सभामंडपात साठेक बाया बसलेल्या, मी सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, पैसे घरखर्चात तर नाही गेले न?” मजाक केल्यासारखं म्हणाले, पण सगळ्यांना समजलं मी काय म्हणाले ते. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पदराच्या गाठीतून पेटीची चाबी काढली, रजिस्टरवर ठेवली, अन् चपला घालून निघून गेल्या. चौथ्या दिवशी ते पैसे माझ्याच पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात सापडले. बँकेतून निघताना एसटी आली म्हणून घाईघाईत मीच तिथं कोंबले होते.

मग मी काय केलं? लगेच गेले का त्यांच्याकडं? नाही. अकरा दिवस लावले. लाज वाटत होती. गेले तेव्हा त्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या, मला पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली अन् म्हणाल्या, “सापडले ते बरं झालं बाई. पण सापडले हे तुम्ही कोणाले कोणाले सांगतलं?”

मी कोणालेच नव्हतं सांगितलं. चोरीचा आळ साठ बायांसमोर घेतला अन् माफी मागायला एकटी गुपचूप आले होते, तेही दिवे लागणीच्या वेळेस, कोणी पाहू नये म्हणून. पुढच्या मीटिंगमध्ये त्याच सभामंडपात उभी राहून मी पासबुक दाखवलं अन् काय झालं ते सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी चाबी वापस घेतली. तोंडानं मात्र दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. ठीकच होतं ते.

म्हणून तुले दोन ठिकाणी जावं लागंल. आधी काकांच्या घरी, एकट्यानं. सोबत संचालक नको, पोट्टे नको, स्टेटसला टाकायला फोटो तर अजिबातच नको. तिथं जाऊन भावाचं, पावसाचं, प्लांटवाल्याचं रामायण सांगत बसू नको, ते सगळं त्यांना तुझ्याआधी माहीत असते. एवढंच म्हण की तुम्ही थांबायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, अन् वरून तुम्हालाच बोललो. अन् मग चूप बस. हे चूप बसणं तुला जमणार नाही असा मला संशय आहे, कारण तू व्हिडिओ जास्त पाहतो अन् त्या व्हिडिओत चूप बसलेला माणूस कोणी दाखवत नाही. काका कदाचित पाच मिनिट काहीच बोलणार नाहीत, बैलाकडं पाहत बसतील, विडी काढतील. बसू दे. मग ते बोलतील तेव्हा मध्ये “हो पण” म्हणू नको. “हो पण” हा शब्द तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरांच्या जिभेवर नुसता चिकटलेला असतो.

त्यानंतर ग्रुपवर, कारण अपमान तिथं झाला. मी मसुदाच देते, तुझ्या शब्दात बदल पाहिजे तर:

“सोयाबीनची गाडी ओलाव्यामुळे वापस आली. काकांनी एक ऊन थांबायला सांगितलं होतं. गाडी भरायचा निर्णय माझा होता. भाडं अन् हमाली मिळून इतके रुपये गेले, पावत्या ऑफिसात आहेत. त्या रात्री काकांबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं, मी ते मागे घेतो.”

आकडा लिहायचाच. अन् “जर कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व” हे लिहिशील तर त्यापेक्षा काहीच लिहू नको. त्या “जर”मध्ये अर्धी माफी जाते अन् “कोणाचं”मध्ये उरलेली. मन काकांचं दुखलं, नाव घे.

भाडं खिशातून भरतो असली हिरोगिरीही नको. तू एकदा भरलं की पुढचा अध्यक्ष कोणताच निर्णय घेणार नाही, भीतीनं गाडी अंगणात सडू देईल. नुकसान बोर्डापुढं ठेव, लिहून ठेव, अन् पुढच्या वेळेस गाडी भरायच्या आधी काट्यावरच्या माणसाची ना असेल तर भरायची नाही, असा ठराव घे. ठराव म्हणजे काकांना दिलेला अधिकार आहे, त्यानं ते जास्त खुश होतील, शाल-नारळापेक्षा.

सभेत लोकं बोलत नाहीत हे दुखणं मात्र तुझ्या एकट्याचं नाही, सगळ्या विदर्भाचं आहे. पण आपल्याच भागातले लोकं त्याच्यावर इलाज करून गेलेत. गाडगेबाबा घे. 1876 चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, शाळेचं तोंड पाहिलं नाही. कीर्तनाला उभे राहिले की लोकांनाच प्रश्न विचारायचे, अन् लोकांच्या तोंडून उत्तर आलं की त्याच उत्तरावर पुढचा प्रश्न. हजारो माणूस असो, ऐकणारा नुसता ऐकत नाही बसायचा, बोलायला लागायचा. अन् गावात गेल्यावर पहिलं काम खराटा. आधी गाव झाडायचे, कीर्तन रात्री. म्हणजे बोलायला उभे राहायच्या आधी त्या माणसानं तुमच्या दारातला कचरा उचललेला असायचा. आता तू सांग, तू सभेत काय करतो? माझा अंदाज, प्रोजेक्टर लावतो, व्हिजन-मिशनची स्लाइड, मग ताळेबंद, शेवटी “कोणाला काही प्रश्न?” अन् तीन सेकंद थांबून आभार. बरोबर न?

त्यापेक्षा ताळेबंद सीएकडं ठेव अन् सभेत चुंगडीचा, म्हणजे पोत्याचा, हिशेब सांग. एका चुंगडीमागं व्यापाऱ्यानं खेडा खरेदीत किती दिले असते, आपण किती दिले, त्यातून बारदाना किती, हमाली किती, भाडं किती, कंपनीकडं किती राहिले. मग नाव घेऊन विचार, “मामाजी, तुमची चाळीस चुंगडी होती, तुमच्या हिशेबात बसते का हे?” मामाजीला बोलावंच लागते. अन् ते “नाई बसत” म्हणाले तर देवाले नारळ फोड, सभा सुरू झाली.

गडचिरोली जिल्ह्यातलं धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा ऐकून असशील. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा त्यांचीच. गोंडांचं शंभरेक घरांचं गाव, पण 2009 मध्ये सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर करून घेतला, जवळपास 1,800 हेक्टर जंगल, अन् 2011 मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला. तिथले पुढारी देवाजी तोफा, त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण तिथं देवाजी म्हणाले म्हणून ठराव होत नाही. सर्वसहमती पाहिजे. एकाचंही मन नसंल तर विषय पुढच्या बैठकीत. तुला वाटेल हे लय हळू काम आहे. आहेच. पण मध्ये त्यांचे अभ्यास गट असतात, तिथं विषयाची चिरफाड आधी होऊन जाते, सभेत येईपर्यंत लोकांना माहीत असते आपण कशाले हो म्हणतो. तू गाडी भरायच्या दिवशी सर्वसहमती घेत बसू शकत नाही हे मलाही कळते. पण बियाणं कोणतं घ्यायचं, खत कोणत्या दुकानातून, गोदाम कोणाच्या जागेत, यात घाई कायची?

तुझ्या कंपनीत एक शेअर असो का पन्नास, सभासदाले मत एकच. हे तू लोकांना कधी सांगितलं का? आमच्याकडं कितीतरी जणांना वाटते ज्याचे शेअर जास्त त्याचं चालते, म्हणून लहान कास्तकार मागं भिंतीला टेकून बसते अन् पुढाऱ्याचं तोंड पाहते. संचालकांची बैठक तीन महिन्यातून एकदा तरी लागते अन् सात दिवस आधी नोटीस, तू आदल्या रात्री ग्रुपवर “उद्या 11 वाजता अर्जंट” टाकत असशील तर कोण येईल? अकराले माणूस वावरात असतो. रात्री जेवणं झाल्यावर ठेव.

एक गोष्ट मला खटकली. एवढ्या लांब पत्रात एकही बाई नाही. 340 मध्ये बाया नसतील असं तर होत नाही, नावावर शेअर असतीलच, कागदापुरते का होईना. सोयाबीन वाळवते कोण, उन्हात पसरते कोण, पाऊस आला की पळत जाऊन ताडपत्री टाकते कोण? त्या दिवशी ढीग ओला आहे हे काकांच्या आधी एखाद्या बाईला माहीत असंल, तिला कोणी विचारलं नाही एवढंच. आमच्याकडं आम्ही बाजाराच्या दिवशी दुपारी बायांची वेगळी बैठक घ्यायचो, मजुरी बंद राहते त्या दिवशी. अन् मोठ्या सभेत पहिला प्रश्न त्यांना विचारायचा, शेवटी नाही. शेवटी विचारलं की त्या “सगळे म्हणतात तेच” म्हणतात.

पानठेल्यावर काय बोलतात ते ऐकायला जाऊ नको. तू आला की विषय बदलते, क्रिकेट सुरू होते. कोणाला हेर म्हणून पाठवू नको, तो तुझंही तिकडं सांगते.

बारदान्याचंही एक विचारते. पत्रात तू लिहिलं की सीझनमध्ये “उद्या बारदाना येतो” म्हणून लोकांना तीन दिवस थांबवलं, ते तू सहज लिहून पुढं गेला. ज्या कास्तकाराचा माल उघड्यावर पडला होता त्याने ते तीन दिवस मोजलेत रे. माहीत नसंल तर “माहीत नाही, संध्याकाळी सहाला फोन करून सांगतो” म्हणायचं, अन् सहाला फोन करायचा, बारदाना आला नसला तरी. नाही आला हे सांगायलाच तर फोन करायचा असतो.

संचालक येत नाहीत त्यातला एक माजी सरपंच उलटं बोलतो असंही तू लिहिलंय. बोलू दे. सह्यांचं प्रकरण त्याला माहीत असंल तर तू आधी स्वतः सांगून टाक, नाहीतर तो त्याच्या सोयीच्या दिवशी सांगंल.

काकांकडं सकाळी जा, आठच्या आत, मग ते वावरात निघतात अन् धुऱ्यावर उभं राहून असली गोष्ट होत नाही. ते परत काट्यावर येतील का, मला माहीत नाही. कदाचित नाही येणार, तरी ग्रुपवरचं लिहायचंच. आणि आले तर त्यांच्यासोबत बसून ते मॉइश्चर मीटर एकदा तपास. सेल नवे टाक, एकच मूठ तुमच्या मीटरवर अन् प्लांटच्या मीटरवर मोजून फरक लिहून ठेव, अन् त्यावर सेटिंग सोयाबीनचंच आहे का ते पाह्य. आमच्या सेंटरवर एकदा दोन दिवस हरभऱ्याच्या सेटिंगवर सोयाबीन मोजत होतो, अन् शिव्या हमालांना देत होतो.